जंत मुततात का? परजीवी कृमी आणि त्यांचा पाण्याचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र आहे. चपट्या कृमींत ज्वालापेशी, गोलकृमींत एच आकाराची नळी, एवढं पाठ केलं. पण हे प्राणी बाहेर टाकतात तरी काय? दुसऱ्याच्या शरीरात आयते राहत असताना त्यांना पाण्याचा तोल सांभाळायची गरजच काय? जंताच्या औषधांचा या संस्थेशी काही संबंध असतो का? आणि यातलं काही डोळ्यांनी पाहता येईल का?"

आधी मुद्द्याचं सांगतो. पुस्तकात ज्याला 'उत्सर्जन संस्था' म्हटलं आहे, ती बहुतेक कृमींत मुख्यतः पाणी उपसणारी मोटर आहे. घाण म्हणावी ती बरीचशी कातडीतून आणि आतडं असेल तर आतड्यातून परस्पर निघून जाते. नाव चुकीचं पडलं आणि ते पाठ करत पिढ्या पुढे गेल्या. मीही त्यातलाच. पशुवैद्यक म्हणून पंचवीसएक वर्षं जंत बघतोय, पण हे मला कॉलेजात कळलं नव्हतं.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो एका धनगरानं. नोकरीची पहिलीच दोन-तीन वर्षं होती, माण-खटावकडचा दौरा. पावसाळा सरता सरता तिकडे मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरायला लागतं. त्यानं एक मेंढी धरली, जबड्याखालची मऊ पिशवी अंगठ्यानं दाबून दाखवली. खळगा तसाच राहिला. म्हणाला, "डाक्टर, ह्ये जंत आत मुतत्यात का वो? त्येंचंच पानी साठतंय न्हवं ह्ये?" बरोबरचा ड्रेसर फिदीफिदी हसला. मला हसता येईना, कारण अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं.

येत होतं ते अर्धं असं. ते पाणी जंताचं नाही, मेंढीचं स्वतःचं आहे. मेंढीच्या चौथ्या पोटात हिमाँकस नावाचा रक्तपिता गोलकृमी असतो. मादी दोन-तीन सेंटिमीटरची. रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पीळ घातलेलं पांढरं गर्भाशय, त्यामुळे लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त खर्ची घालतो. हजार जंत म्हणजे रोजचे ५० मिलिलिटर. रक्ताबरोबर प्रथिनं जातात, आणि पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणारी तीच असतात. ती घटली की पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या जनावरात ते जबड्याखाली उतरतं. म्हणजे तोल बिघडला तो मेंढीच्या पाण्याचा.

जंत स्वतः मुततो का, हा उरलेला अर्धा प्रश्न. त्याचा धागा खरं तर माझ्याच एका गाढवपणात होता. पदव्युत्तर शिक्षण चालू असताना कत्तलखान्यातून मेंढीचं पोट आणलं, उलटं करून धुतलं, निवडून निवडून साठ-सत्तर हिमाँकस काचेच्या बशीत घेतले आणि स्वच्छ दिसावेत म्हणून नळाचं पाणी ओतून चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर बशीत खिमा. माद्या फुटल्या होत्या, गर्भाशयाचे पांढरे वेटोळे बाहेर पडले होते, पाणी अंड्यांनी गढूळ झालं होतं. सरांनी बशी उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "चहाबरोबर यांनाही पाणी पाजलंस वाटतं?"

झालं होतं ते साधं परासरण, म्हणजे कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे पाणी सरकणं. मेंढीच्या अंगातल्या द्रवांत क्षार जेवढे, साधारण तेवढेच जंताच्या अंगात. नळाच्या पाण्यात ते जवळजवळ नाहीतच. म्हणजे जंताच्या दृष्टीनं ते पाणी अवपरासारी, अंगातल्यापेक्षा कमी क्षारांचं. पाणी कातडीतून आत घुसत राहिलं आणि बाहेर काढायचा वेग कमी पडला. तेव्हापासून माझ्या पेटीत ०.९ टक्क्यांच्या सलाईनची बाटली कायम असते. गंमत म्हणजे पट्टकृमीचा (टेपवर्मचा) किंवा पानासारख्या पर्णकृमीचा, या दोन्ही चपट्या कृमींचा, नमुना ताणून सरळ करायचा असतो तेव्हा आम्ही मुद्दाम गार साध्या पाण्यात ठेवतो. पाणी पिऊन तो सैलावतो, आखडायचा थांबतो. तीच चूक, पण हिशेबानं केलेली.

आता तुम्ही म्हणाल, शरीराच्या आत तर सगळं समपरासारीच असतं, जंताच्या आतबाहेर क्षार सारखेच, मग मोटर कशाला? एक तर आतलं जग वाटतं तितकं स्थिर नसतं. जनावरानं पोटभर पाणी प्यायलं, मिठाचा खडा चाटला, खुराक खाल्ला, की आतड्यातल्या द्रवाची तीव्रता खालीवर होते. त्यातून जंत स्वतःच दिवसरात्र साखर जाळत असतो. एका रेणूचे दोन रेणू होतात आणि ते अंगात साठले तर पाणी ओढून घेतात. पण खरं कारण तिसरंच. परजीवी काही जन्मभर आत राहत नाही. अंडं शेणातून किंवा लघवीतून बाहेर पडतं, पिल्लू डबक्यात पोहतं, गवतावर चढतं, गोगलगायीत शिरतं, पुन्हा कातडी फोडून नाही तर चाऱ्यातून आत येतं. दर मुक्कामाला पाण्याची तऱ्हा निराळी.

याचं माझं आवडतं उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. गिमवी नावाच्या गावी लघवीतून रक्त जाण्याचा आजार आढळला आणि १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तो शिस्टोसोमचा, म्हणजे रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या पर्णकृमीचा असल्याचं दाखवलं. भारतात माणसातल्या या रोगाचं हे गाजलेलं ठिकाण. पाण्याच्या हिशेबानं या कृमीचं आयुष्य बघा. अंडं लघवीत असतं तोवर फुटत नाही, कारण लघवीत क्षार भरपूर. तीच लघवी ओढ्याच्या गोड्या पाण्यात मिसळली की अंडं पाणी शोषतं, फुटतं आणि आतलं केसाळ पिल्लू सुसाट पोहायला लागतं. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो: गाळात साधं पाणी घालायचं, उजेडात धरायचं आणि पिल्लं दिसतात का बघायचं. लघवी सलाईननं धुतली तर तपासणी तोंडावर आपटते, कारण अंडी फुटतच नाहीत.

त्या एवढ्याशा पिल्लाच्या अंगात दोन जोड्या ज्वालापेशी असतात. यकृतातल्या पर्णकृमीच्या, फॅशिओलाच्या, पिल्लात एकच जोडी. गोड्या पाण्यात बाहेरून सतत पाणी आत झिरपतंय आणि हे पिल्लू काही खात-पीत नाही. म्हणजे त्या पेशी उपसतायत ते निव्वळ घुसलेलं पाणी. गोगलगायीत वाढून पुढची शेपटीवाली अवस्था पुन्हा पाण्यात येते, तेव्हा तिच्या अंगावर साखरयुक्त पदार्थाचा जाड थर असतो. तो पाणी आत येऊ देत नाही. आणि मग ती माणसाची कातडी फोडते. शेपटी बाहेर गळते, तो थर झडतो आणि काही तासांतच हा प्राणी असा पालटतो की त्याला परत ओढ्याच्या पाण्यात टाकलं तर मरतो. ज्या पाण्यात तासाभरापूर्वी मजेत पोहत होता, त्याच पाण्यात. रक्ताच्या खारटपणाशी जुळवून घेण्याची ती किंमत. प्रयोगशाळेत पालट पुरा झाला की नाही हे तपासायची एक जुनी पद्धतच ही आहे: साधं पाणी घाला, जगला तर अजून जुनाच, मेला तर बदलला.

आता ज्वालापेशीचं यंत्र. एका सूक्ष्म नळीच्या बंद टोकाशी टोपीसारखी एक पेशी बसलेली असते आणि तिच्यातून केसांचा झुपका नळीत लोंबतो. हे केस लाटेसारखे हलतात. त्यांच्या हलण्यानं नळीतला द्रव पुढे ढकलला जातो, मागे दाब कमी होतो आणि भोवतालचा द्रव बाजूच्या बारीक फटींतून गाळून आत ओढला जातो. टोपीपेशीचे आणि नळीपेशीचे दांडे बोटांत बोटं गुंतवल्यासारखे अडकलेले असतात, त्या बोटांमधल्या या फटी. पुढे नळीत जाता जाता उपयोगी पदार्थ परत शोषले जातात. आपल्या मूत्रपिंडातही आधी गाळायचं, मग परत घ्यायचं, हाच क्रम. फक्त तिथे ढकलायला हृदय आहे, इथे केसांचा झुपका. फॅशिओलामध्ये या सगळ्या नळ्या एकत्र येऊन शेपटाकडच्या एका छिद्रातून उघडतात. पट्टकृमीत चार लांब नळ्या डोक्यापासून शेवटापर्यंत धावतात आणि पोटाकडच्या दोन नळ्या दर खंडात आडव्या नळीनं जोडलेल्या असतात. कोकराच्या लेंडीवर भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात ना, मोनिझिया नावाच्या पट्टकृमीचे, ते तुटून पडतात तेव्हा या नळ्याही तुटतात. उरलेल्या शेवटच्या खंडात त्या तशाच उघड्या राहतात, वेगळं छिद्र करायची यातायात नाही.

यात घाण अजिबात वाहत नाही असं मात्र समजू नका. उंदरातल्या पट्टकृमीच्या नळ्यांतला द्रव काढून तपासला गेला आहे. त्यात लॅक्टिक आम्ल, अमोनिया, युरिया सापडलं आणि ग्लुकोजही सापडलं. ग्लुकोज ही काही घाण नव्हे. ज्या नळीत टाकाऊ आणि कामाचं दोन्ही वाहतं, तिला नुसतं गटार म्हणणं बरोबर नाही. पट्टकृमीला रक्ताभिसरण नसतं. हा द्रव थोडंफार तेही काम करत असावा, असं माझं मत.

ज्वालापेशी मी पहिल्यांदा जिवंत पाहिली ती हायडॅटिडच्या, म्हणजे पट्टकृमीच्या पिल्लांनी भरलेल्या पाण्याच्या गाठीत. मेंढीच्या फोपशात लिंबाएवढी पांढरी टणक गाठ होती. सुईनं पाणी ओढलं, अगदी स्वच्छ, नितळ. ते तसंच ठेवलं तर तळाशी बारीक वाळू बसते. ती वाळू म्हणजे कुत्र्यातल्या एका चिमुकल्या पट्टकृमीची होऊ घातलेली डोकी, एकेक मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढं. थेंबभर काचेवर घेतलं, चारशेपट मोठं करून पाहिलं. डोकं आत ओढून बसलेला गोळा, आकड्यांचं कडं, चुन्याचे चकाकणारे गोल कण. प्रकाश जरा मंद केला आणि एका कोपऱ्यात काहीतरी थरथरलं. समईची वात हवेच्या झुळकीनं फडफडते तसं, एकाच जागी, न थांबता. नजर बसल्यावर दुसरी दिसली, मग तिसरी. नाव ठेवणाऱ्यानं 'ज्वाला' हा शब्द उगाच वापरलेला नाही.

ही फडफड नुसती बघायची गंमत नाही, तिचा रोजच्या कामात उपयोग होतो. गाठीतली डोकी जिवंत आहेत की मेली, हे ठरवायला आम्ही ०.१ टक्का इओसिन घालतो. मेलेली लाल होतात, जिवंत रंग घेत नाहीत. रंगाबद्दल शंका असली की ज्वालापेशी हलते का ते पाहायचं. हलत असेल तर वाद संपला. माणसातल्या गाठीवर उपचार करताना सर्जन सुईनं पाणी काढून आत २० टक्के मिठाचं द्रावण सोडतात आणि थोड्या वेळानं तेही ओढून घेतात. हे माझ्या फुटलेल्या हिमाँकसच्या नेमकं उलट. एवढ्या खारट पाण्यात त्या डोक्यांमधलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि ती आक्रसून मरतात. त्यांची मोटर आत घुसलेलं पाणी उपसायला आहे. बाहेर ओढलं जाणारं थोपवायला तिचा काही उपयोग नाही.

गोलकृमींची गोष्ट वेगळी. त्यांच्यात ज्वालापेशी नाहीतच. आपल्या बहुतेक परजीवी गोलकृमींत दोन लांब नळ्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी धावतात, पुढच्या बाजूला एकमेकींना जोडल्या जातात आणि गळ्याखाली पोटाच्या बाजूला एका बारीक छिद्रात उघडतात. एच आकार म्हणतात तो हा. काहींत तो उलट्या यूसारखा असतो. हे सगळं किती पेशींचं? सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीतला मोकळा कृमी, परजीवी नव्हे, पण अभ्यास त्याचाच सर्वांत जास्त झाला. त्याच्यात ही पूर्ण एच एकाच पेशीची असते, टोकापासून टोकापर्यंत. १९८४ साली नेल्सन आणि रिडल यांनी लेझरनं ही पेशी जाळून पाहिली. कृमी एका दिवसाच्या आत पाण्यानं टम्म फुगला आणि काही दिवसांत मेला. छिद्राची किंवा त्याकडे जाणाऱ्या नळीची पेशी जाळली तरी तेच. शेजारची ग्रंथीपेशी जाळली तर मात्र काही बिघडलं नाही. विषबाधा झाल्याची नव्हे, पाणी तुंबल्याची लक्षणं दिसली. या अवयवाचं काम काय, याचा याहून स्पष्ट जबाब मला माहीत नाही.

परजीवी कृमींतलाही एक सुंदर पुरावा आहे आणि तो गिमवीच्याच वर्षीचा, १९५२चा. वाइनस्टीन यांनी कुत्र्यातल्या अंकुशकृमीची पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्यांच्या उत्सर्जन नळीच्या शेवटी एक फुगीर भाग असतो, तो भरतो आणि आकुंचन पावून रिकामा होतो. साध्या पाण्यात त्याचे ठोके भराभर पडले. पाण्यात मीठ वाढवत नेलं तसतसे मंदावत गेले. घाण काढायचं काम असतं तर बाहेर मीठ किती याच्याशी ठोक्यांचं काय देणंघेणं? बाहेरचं पाणी जितकं पातळ तितकं आत जास्त घुसणार, तितकं जास्त उपसायचं. म्हणून त्या धनगराला द्यायचं उत्तर असं होतं: हो बाबा, मुततात. पण ओल्या गवतावरची पिल्लं जास्त मुततात, पोटातली थोडं.

ओल्या गवतावरून आठवलं. हिमाँकसचं संसर्ग करणारं पिल्लू आधीच्या अवस्थेची कात टाकत नाही, ती अंगाभोवती बाळगतं. त्यामुळे ते सहजी सुकत नाही. पण तोंडही त्या कातेत बंद असल्यानं काही खाता येत नाही, साठवणीवर जगावं लागतं. दवाच्या पातळ पडद्यातून ते गवताच्या पात्यावर चढतं. दव सुकण्याआधी मेंढ्या सोडू नका, असं जुने मेंढपाळही सांगतात, ते यामुळे बरोबरच आहे.

आणि नळी नसेल तर? चाबूककृमीला अशी नळीच नसते, तरी तो माणसाच्या मोठ्या आतड्यात वर्षानुवर्षं सुखानं नांदतो. डुकरातल्या काटेरी डोक्याच्या कृमींच्या बहुतेक नातलगांनाही ज्वालापेशी नाहीत. म्हणजे घाणीचा रस्ता दुसरीकडे आहे हे उघडच.

तो रस्ता कातडीतून जातो. कृमींचा मुख्य नायट्रोजनी टाकाऊ पदार्थ अमोनिया. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याला अमोनिया परवडत नाही, कारण तो पातळ करायला खूप पाणी लागतं. म्हणून आपण युरिया करतो, पक्षी युरिक आम्ल करतात. जंताला काय, चारी बाजूंनी वाहता द्रव आणि त्याचं सांडपाणी निस्तरायला घरमालकाचं यकृत. भाडेकरूनं मोरी बांधायची गरजच नाही. दुसरा कचरा म्हणजे अर्धवट जाळलेल्या साखरेचा. पोटात ऑक्सिजनची वानवा असल्यानं हे प्राणी साखर पूर्ण जाळत नाहीत. शिस्टोसोम तासाभरात स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं ग्लुकोज फस्त करतो आणि बहुतांशी लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतो. ते बाहेर कुठून जातं? २०१० साली दाखवलं गेलं की त्याच्या कातडीतली पाण्याची वाहिनी, ॲक्वापोरिन, पाण्याबरोबर लॅक्टेटही सोडते. तिचं प्रमाण कमी केलं तर कृमी कमी फुगतो आणि लॅक्टेटही कमी टाकतो. पाणी आणि कचरा एकाच दारातून जातात, आणि ते दार ज्वालापेशीत नाही, कातडीत आहे.

अॅस्कॅरिसचा, म्हणजे माणसाच्या आतड्यातल्या मोठ्या गोलकृमीचा, कचरा नाकाला कळतो. तो २-मिथाइल ब्युटिरिक आणि २-मिथाइल व्हॅलेरिकसारखी उडणारी मेदाम्लं टाकतो. ज्यानं एकदा अॅस्कॅरिस चिरला तो तो आंबूस, उग्र वास विसरत नाही. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तो हाताळणाऱ्यांना अॅलर्जी होते, डोळ्यांतून पाणी, शिंका, दमा. मलाही झाली, आता खोलीत बरणी उघडली तरी नाक वाहतं. आमच्या गोठ्यातला त्याचा भाऊबंद टॉक्सोकारा व्हिट्युलोरम, रेडकांच्या आतड्यातला. तो आईच्या दुधातूनच पिल्लात येतो. जंतांनी भरलेल्या रेडकाच्या तोंडाला ब्युटिरिक आम्लाचा वास येतो. पोट नगाऱ्यासारखं, पांढुरकी पातळ हगवण, आणि तोंडाजवळ नाक नेलं की तो वास. जंताचा कचरा रेडकाच्या रक्तात आणि रक्तातून श्वासात. दहाव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान पहिलं जंतनाशक पाजा म्हणतो ते याच्यासाठी. शेण तपासून अंडी दिसेपर्यंत थांबलात तर कधी कधी रेडकू हातचं जातं.

फॅशिओलाचा कचरा तर रोगाचाच भाग आहे. त्याची जुनी लागण असलेल्या जनावराची कलेजी चिरताना सुरी करकरते, पित्तनलिका जाड होऊन बोरूसारख्या झालेल्या असतात. खाटीक लोक बघूनच बाजूला टाकतात. मी बरीच वर्षं समजत होतो की कृमीच्या काट्यांनी घासून घासून असं होतं. तेही आहे. पण हा कृमी प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल ढिगानं बाहेर टाकतो, पित्तात ते प्रचंड वाढतं. आणि १९७७ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की कृमी न घालता नुसतं प्रोलीन दिलं तरी पित्तनलिकेचं अस्तर वाढायला लागतं. भाडेकरूच्या सांडपाण्यानं घराच्या भिंती फुगाव्यात, तसंच.

अॅस्कॅरिसबद्दल अजून एक गोष्ट, कारण पाण्याचा तोल म्हणजे काय ते तिथे हाताला लागतं. ताजा अॅस्कॅरिस बोटात धरा, सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबसारखा कडक लागतो. त्याच्या अंगातल्या द्रवाचा दाब हॅरिस आणि क्रॉफ्टन यांनी १९५७ साली मोजला, सरासरी ७० मिलिमीटर पारा. आपला खालचा रक्तदाब ८०च्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. त्याच्या अंगात हाडं नाहीत, आडवे स्नायू नाहीत, फक्त उभे; या दाबाविरुद्ध ओढूनच तो वळवळतो. पाणी कमी झालं तर लुळा, जास्त झालं तर फुटणार. आतड्यालाही स्वतःचे स्नायू नसतात. शेवटाकडचा स्नायू गुदद्वार उघडतो आणि हा दाबच आतला माल पिचकारीसारखा बाहेर फेकतो. म्हणजे शौचही पाण्याच्याच जिवावर.

औषधांचं विचारलंत. अल्बेंडाझोल कृमीच्या पेशींतल्या सूक्ष्मनलिकांवर चालतं, या संस्थेशी त्याचा थेट संबंध नाही. आयव्हरमेक्टिनचा मात्र आहे आणि तो बऱ्याच उशिरा उमगला. या औषधाच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं. ते कृमीच्या ग्लुटामेटवर उघडणाऱ्या क्लोराइड वाहिन्या उघड्या ठेवून स्नायू लुळे पाडतं, असं आम्ही शिकलो. कोडं एकच होतं. हत्तीरोगाच्या रुग्णात एका डोसनं रक्तातले सूक्ष्म फायलेरिया, म्हणजे त्या रोगाच्या कृमीची पिल्लं, भराभर नाहीसे होतात. पण तेवढ्याच औषधात काचेच्या बशीत ठेवले तर खुशाल वळवळत राहतात. २०१० साली उलगडा झाला. हत्तीरोगाच्याच एका कृमीच्या, ब्रुगिया मलायीच्या, सूक्ष्म फायलेरियात या वाहिन्या सापडल्या त्या उत्सर्जन छिद्राच्या पिशवीभोवतालच्या स्नायूत. औषधानं ती पिशवी आपला माल सोडायची कमी झाली. हा माल म्हणजे बरीच अशी प्रथिनं, ज्यांच्या जोरावर कृमी शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगवतो असं मानतात. माल थांबला की पहारेकरी त्याला ओळखतात आणि उचलतात. बशीत पहारेकरीच नाहीत, म्हणून तिथे तो जगतो. विदर्भात हत्तीरोगाची तीन औषधांची मोहीम चालते, त्यातलं एक हेच. म्हणजे या छिद्रातून पाणीही जातं आणि कृमीची लबाडीही. म्हणून जाणकार आता त्याला 'उत्सर्जन-स्रवण' संस्था म्हणतात. उत्तरपत्रिकेत हा शब्द लिहिलात तर मार्क कापणाऱ्यालाही जरा विचार करावा लागेल.

खऱ्या अर्थानं लघवी करणारा परजीवी कृमी बघायचाच असेल तर जळू. तिला सतरा जोड्या वृक्ककं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम करणाऱ्या नळ्या, असतात. एका बैठकीत ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पिते आणि त्यातलं पाणी व क्षार पुढच्या काही दिवसांत उपसून टाकते. घट्ट केलेलं रक्त मग महिनोन् महिने पुरतं. पावसाळ्यात आंबोलीच्या रानात पायाला लागलेल्या जळवेवर मीठ टाकलं की ती गळून का पडते, हे आता तुम्हाला सांगायला नको.

बघायचं असेल तर घरच्या घरी कुत्र्याच्या शेणातून अंकुशकृमीची पिल्लं वाढवू नका. उघड्या कातडीतून शिरतात आणि महिनाभर खाजवत बसाल. मटणवाल्याला सांगून ठेवा की फोपशात पाण्याची गाठ दिसली तर बाजूला ठेव. हातमोजे घाला, गाठ बशीतच फोडा, थेंब काचेवर घ्या, वर काच ठेवा, कडेनं सलाईन सोडा, पाणी नव्हे. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (काचेखालचं प्रकाश गोळा करणारं भिंग) खाली घ्या, प्रकाश कमी करा आणि एका डोक्यावर नजर रोखून निदान पाच मिनिटं हलू नका. पहिल्या दोन मिनिटांत काहीच दिसत नाही, सगळे तिथेच कंटाळतात. काम झालं की गाठ आणि फोपसा चांगला उकळून खोल पुरा. काहीही झालं तरी कुत्र्याला टाकू नका, त्याच्या पोटात त्या वाळूच्या कणाकणाचा कृमी होतो.